देणाऱ्यांची नावं झाका, खर्चाचा हिशोब उघडा : आमच्या पाळकीय समितीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, सचिव आणि पाळकीय समितीचे सर्व सभासद यांना सप्रेम सलाम.

मागच्या बैठकीतले ठराव रविवारच्या उपासनेनंतर वाचून दाखवले गेले. "कोणाला काही विचारायचंय का?" असं म्हणेपर्यंत शेवटच्या गीताची पेटी सुरू झाली होती. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. पत्र उघडं ठेवलंय, कारण हे एकट्या आपल्या मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चचं, राहिलेलं नाही. जालना, परभणी, लातूरकडचे पाहुणे भेटले की थोड्याफार फरकानं तेही हेच सांगतात.

ज्यांनी ठराव ऐकले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. पाच हजारांवर अर्पण देणाऱ्यांची नावं रकमेसह दर महिन्याला पुलपिटावरून, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावरून, वाचायची आणि फाटकावरच्या फ्लेक्सवर लावायची. अकरा हजारांवर दिलं तर नव्या सभागृहात संगमरवरी पाटीवर नाव. ज्यांचा दशमांश, म्हणजे कमाईतला दहावा हिस्सा, थकलाय त्यांची यादी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. उपवास प्रार्थनेचं थेट प्रक्षेपण करायचं आणि वर्षअखेरीस 'प्रार्थनावीर' म्हणून तिघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. शिवाय नवी साउंड सिस्टीम आणि पडदा सुरक्षित राहावा म्हणून कार्यक्रम नसेल तेव्हा चर्चला कुलूप. यातलं बरंचसं गेल्या सुगीच्या सणापासून 'प्रयोग' म्हणून चालूच होतं. आता ते कायमचं झालं.

मी अंगणवाडी सेविका. माझ्या आज्यापासून आमचं घर या मंडळीत आहे. उपासना संपल्यावर व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चलगतच्या खोलीत, बसून अर्पण मोजणाऱ्या तिघांपैकी मी एक, आणि हे काम मला आवडतं. कोण किती देतं हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, इथंही सांगणार नाही. पण मोजणीच्या टेबलावर काय बदललं ते सांगायला हरकत नसावी.

पूर्वी लाल मखमलीची पिशवी उपडी केली की चिल्लर टेबलभर पळायची. दहाच्या नोटा चार-चार घड्या घालून पार सुपारीएवढ्या केलेल्या, काही घामानं ओलसर. त्या उलगडून तळहातानं सपाट करायच्या आणि गड्डी लावायची, यात अर्धा तास सहज जायचा. कधी एखाद्या नोटेला टाचणीनं चिठ्ठी लावलेली असायची. एकदा आली होती, 'म्हैस बरी झाली, उपकारस्तुती.' खाली नाव नाही. कोणाची म्हैस, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

आता पाकिटं येतात. नाव, मोबाईल नंबर, आणि रक्कम ठळक अक्षरात. रक्कम बहुतेक एकच, पाच हजार एक. यादी सुरू झाल्यापासून साडेचार हजारांचं पाकीट माझ्या हाताखालून गेलेलं नाही. जी माणसं दर महिन्याला थोडं थोडं द्यायची ती आता साठवून एकदम देतात, म्हणजे रेघ ओलांडता येते. आणि पिशवी हलकी झालीय. एकूण अर्पण वाढलं हे सचिवांचं म्हणणं खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण वाढ झालीय ती पाकिटांची, आणि पाकिटं मोजक्या घरांची. पिशवीत टाकणारी माणसं एक तर कमी टाकतात, नाहीतर येतच नाहीत. वहीत फक्त एकूण लिहायची पद्धत असल्यामुळं समितीला हे दिसत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायाबद्दल मी पाळकसाहेबांना काय सांगावं? दान, प्रार्थना आणि उपवास, या तिन्हींबद्दल येशू तिथं एकच सांगतो. लोकांनी पाहावं म्हणून करणारे 'आपले प्रतिफळ भरून पावले आहेत.' म्हणजे हिशोब मिटला, पुढं काही येणं नाही. आपण या तिन्हींवर एकेक ठराव केलाय. तो अध्याय समोर ठेवून उलटी विषयपत्रिका काढली असती तरी इतकी नेमकी निघाली नसती.

समितीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला पाचव्या अध्यायातलं वचन ऐकवलं, 'तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या.' बरोबर आहे. डोंगरावरच्या त्याच प्रवचनातलं आहे, पानभर आधी. पण ते वचन पुढं असं जातं की लोकांनी तुमची सत्कर्मं पाहून तुमच्या स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं. फाटकावरचा फ्लेक्स वाचून स्टँडवरचा रिक्षावाला कोणाचं गौरव करतो, ते एकदा त्यालाच विचारून पाहा. त्यानं मला विचारलं होतं, "ताई, हे साहेब यंदा नगरपालिकेला उभे राहणारेत का?"

दुसरा दाखला पहिल्या मंडळीतल्या बर्णबाचा देतात. त्यानं शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले, आणि त्याचं नाव शास्त्रात आलंच की! आलं, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, चौथ्या अध्यायाच्या शेवटी. पाचवा अध्याय लगेच हनन्या आणि सप्पीरा यांच्यावर सुरू होतो. त्यांनीही जमीन विकली, थोडे पैसे मागं ठेवले आणि सगळेच दिल्याचं भासवलं. प्रेषित पेत्र हनन्याला काय म्हणतो? जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच ताब्यात होते. म्हणजे कमी देण्याबद्दल त्याला कोणी धरलं नव्हतं. कमी पैशात त्याला बर्णबाचं नाव हवं होतं. आपल्या ठरावानं ते नाव आता पाच हजार एकला मिळतं.

गरीब विधवेनं मंदिरात टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे अगदी हलक्या नाण्यांवर, दर वर्षी प्रवचन होतं, बहुधा अर्पणाच्या आधीच. मार्काच्या बाराव्या अध्यायात येशू भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहतो. मोजणीच्या टेबलावर बसत असल्यामुळं मला हा उतारा जरा जवळचा आहे. त्यानं शिष्यांना बोलावून त्या बाईबद्दल सांगितलं, पण नाव नाही सांगितलं. आजही कोणाला माहीत नाही. प्रवचन नेमकं तिथंच थांबतं, मागंपुढं जात नाही. त्याच्या आधीच्या वचनांत येशू कोणाबद्दल बोलतोय? विधवांची घरं गिळून वर दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांबद्दल. आणि तिथून बाहेर पडताच शिष्यांपैकी एक जण मंदिराकडं बघून म्हणतो, गुरुजी, काय हे दगड! येशू म्हणतो, यातला दगडावर दगड राहणार नाही. आपली संगमरवरी पाटी अजून कोरायला गेलेली नाही असं ऐकते.

जालन्याजवळ बेथेल वसवणाऱ्या रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचं नाव आपल्या मराठवाड्यातले ख्रिस्ती आजही घेतात. त्यांनी किती रुपये दिले होते, हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

आता सुगीच्या सणाच्या लिलावाबद्दल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, या दिवशी लोक शेतातलं, परसातलं जे असेल ते वेदीपुढं आणून ठेवतात. ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळा, कोंबडी, अंडी, कोणी भाकऱ्यांची चळत. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीला जातात. लिलाव मला आवडतो, हे आधीच सांगते. आमच्या लहानपणी एक आत्या दर वर्षी स्वतः आणलेला भोपळाच बोली लावून परत घ्यायची आणि अख्खं चर्च हसायचं. यंदा 'मानाचा नारळ' नावाचा नवाच प्रकार निघाला. बाहेरचे दोन पुढारी पाहुणे म्हणून पुढच्या खुर्च्यांवर, हातात माईक घेतलेला निवेदक, बोली हजारांत, आणि दर बोलीला "जोरदार टाळ्या!" आपल्या माणसांनी आणलेली टोपली तोवर कोपऱ्यात तशीच. ज्वारी शेवटी घाईघाईत ढिगानं दिली, अंड्यांचं काय झालं कोणास ठाऊक. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला 'तू तिथं उभा राहा' असं करू नका, हे याकोबाचं वचन त्याच पुलपिटावरून ऐकून आम्ही मोठे झालो आहोत. लिलाव राहू द्या. नारळ आणि निवेदक तेवढे नकोत.

थकबाकीच्या यादीबद्दल मला जास्त वाईट वाटतं. ग्रुपवर पहिली यादी आली तेव्हा त्यातली बरीच घरं ऊसतोडीला गेलेली होती. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, निघतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, माणूस उसाच्या फडात. परत येतो तेव्हा उचल फिटलेली असेलच असं नाही. अशा माणसाला कारखान्याच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, बसून मोबाईलवर दिसतं की आपलं नाव 'बाकी' या शब्दाखाली आहे आणि सगळ्या मंडळीनं ते वाचलंय. त्यातली एक बाई मला फोनवर म्हणाली, "मुकादमाच्या वहीत नाव हायेच की. आता देवाच्या बी वहीत बाकी निघाली." ती आणि तिचा नवरा गावी परतले, पण पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, आले नाहीत. मुलांना शेजारणीसोबत पाठवलं.

सभासदांनी वर्गणी भरावी, मतदानासाठी ती भरलेली असावी, हा नियम आहे आणि तो ठीकच आहे. त्यासाठी घरी जाऊन विचारता येतं. पूर्वीचे पाळक सायकलवरून जायचे. कोणाच्या घरात काय अडचण आहे ते त्यांना कळायचं, आणि कधी पैसे न घेता उलट काहीतरी देऊन यायचे.

२०२५च्या सप्टेंबरात पावसानं मराठवाड्याची काय अवस्था केली ते सगळ्यांना माहीत आहे. सोयाबीन पाण्यात गेलं, जमिनी खरवडून गेल्या, माणसं घरांच्या छपरांवर बसली. आपल्या मंडळीनं त्या वेळी किट वाटली हे चांगलं केलं. पीठ, तूरडाळ, तेल, साखर, साबण, एक चादर. पिशव्या भरायला मीही होते. वाटपाच्या दिवशी मात्र शाळेच्या पटांगणात बॅनर लावला. प्रत्येक कुटुंबातल्या एकानं किट छातीशी धरून उभं राहायचं, शेजारी देणगीदार, फोटो, मग पुढचा. एक दहावीतली मुलगी आली होती. आई तापानं पडलेली, वडील वाहून गेलेल्या मोटारीच्या शोधात. तिनं पिशवी घेतली आणि ओढणी नाकापर्यंत ओढून मान फिरवली. फोटोवाला म्हणाला, "इकडं बघ बाळा, हस जरा." दोनदा म्हणाला. व्हिडिओत ती मान फिरवलेलीच आहे, त्यावर गाणं लावलंय, आणि तो व्हिडिओ तिच्या वर्गातल्या मुलांनीही पाहिलाय. कारण तो तुम्ही सगळ्या गावाच्या ग्रुपवर टाकलात.

१९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर आमच्या भागातून ट्रक भरभरून भाकरी गेल्या. माझ्या आईनं थापल्या होत्या, शेजारच्या मोहल्ल्यातल्या बायकांनीही थापल्या होत्या. त्या सगळ्या एकाच पोत्यात गेल्या. कुठली भाकरी कोणाच्या घरची, हे खाणाऱ्याला विचारावंसं वाटलं नसेल आणि थापणारीला सांगावंसं वाटलं नाही.

यात आणखी एक व्यवहाराची गोष्ट आहे, ती समितीनं थंड डोक्यानं विचारात घ्यावी. आपण संख्येनं थोडे आहोत. आपण कोणाला मूठभर धान्य दिलं तरी त्यामागं हेतू काय, अशी शंका घेणारे गावात आहेत. पिशवीवर क्रूस छापून, घेणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर उभं करून, आपण त्यांच्या हातात आयता पुरावा देतो. गुपचूप दिलं असतं तर पुरग्रस्तांचीही लाज राहिली असती आणि आपलीही.

प्रार्थनेबद्दल लिहिताना हात जड होतो, पण लिहिते. उपवास प्रार्थनेत कॅमेरा फिरतो. हात वर केलेले, डोळे मिटलेले चेहरे शोधत जातो. तो जवळ आला की आवाज चढतो, हे मी एकटीनंच पाहिलंय असं नाही. तरुण संघातली मुलं आपसात नक्कल करतात. उपवासाला येशूनं डोक्याला तेल लाव, तोंड धू म्हटलंय. आपण 'एकवीस दिवसांचा उपवास, दिवस नववा' असं स्टेटस ठेवतो. मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या, प्रार्थनेत तर नावानिशी सगळं बाहेर पडतं. कोणाच्या सुनेला मूल होत नाही, कोणाचा नवरा पिऊन येतो, कोणाचा रिपोर्ट काय आला. पूर्वी हे चार भिंतींत राहायचं. आता थेट प्रक्षेपणात ते पुण्यातल्या नातेवाइकांना आधी कळतं. एका घरातली सोयरीक यावरून अडली, हे समितीतल्या किमान दोघांना ठाऊक आहे.

आणि कुलूप. 'तू आपल्या खोलीत जा, दार लावून घे' असं येशू म्हणतो. आमच्या वस्तीत लावून घ्यायला वेगळं दार आहे कुठं? पत्र्याची एक खोली, त्यात सासू, नवरा, दोन पोरं आणि टीव्ही. बायकांची प्रार्थनेची खोली म्हणजे दुपारचं रिकामं चर्च. बारा ते चार तिथं कार्यक्रम नसायचा. कोणी मागच्या बाकावर बसायचं, कोणी खांबाआड खाली फरशीवर. कामावरून आलेल्या, हाताला अजून शेणाचा वास असलेल्या बायका यायच्या. एखादी रडत असली तर दुसरीनं तिकडं बघायचं नाही, अशी रीतच पडली होती. पाच-दहा मिनिटं बसायचं आणि पदर सावरून निघायचं. या दुपारच्या प्रार्थना कोणी मोजल्या नाहीत, म्हणून 'प्रार्थनावीरां'च्या यादीत त्या येणारही नाहीत. प्रार्थना दाखवण्यासाठी जो पडदा घेतला, तो चोरीला जाऊ नये म्हणून प्रार्थनेची जागा बंद केली. या ठरावावर एकाही सभासदाला काही खटकलं नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आता पैशाच्या हिशोबाचं. नावं वाचतो ती पारदर्शकतेसाठी, असं सचिव म्हणाले. पारदर्शकता हवीच. ज्यांना पावती लागते त्यांना पावती मिळाली पाहिजे, ती त्यांच्या खिशात राहील. पण देणाऱ्याचं नाव उघडं करणं आणि खर्च उघडा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेषित पौलानं यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मंडळ्यांकडून वर्गणी जमवली. तो पैसा न्यायला मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतला, कोणी बोट ठेवू नये म्हणून. हे करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात आहे. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी गरिबीतून कसं दिलं हेही तो लिहितो. पण कोणा माणसानं किती दिलं, ते एकदाही लिहीत नाही. हिशोब माणसांसमोर चोख आणि देणारा झाकलेला, असं त्याचं काम होतं.

आपल्याकडं बरोबर उलटं झालंय. पाच हजार एक कोणी दिले ते रिक्षावाल्यालाही माहीत आहे. साउंड सिस्टीम आणि पडदा कितीला पडला, किती दुकानांचे भाव मागवले होते, पुराच्या किटसाठी जमलेल्यातलं काही उरलं का, हे सभासदांना माहीत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५०चा कायदा आहे, त्यात लेखापरीक्षण आहे. मागच्या वार्षिक सभेत आम्हाला चार ओळी वाचून दाखवल्या आणि "मंजूर?" म्हणून विचारलं. कोणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, तसं मला वाटतही नाही. पण मागितल्यावर कागद दिसला पाहिजे.

माझ्या मागण्या अशा. फाटकावरचा फ्लेक्स या आठवड्यात उतरवा आणि पुलपिटावरून नावं-रकमा वाचणं बंद करा. ज्यांचे आभार मानायचे त्यांच्या घरी जाऊन माना. थकबाकीची यादी ग्रुपवरून काढा आणि त्यातल्या प्रत्येक घरी पाळकसाहेबांनी स्वतः जावं, ऊसतोडीच्या घरी आधी. नव्या सभागृहाला पाटी हवीच असेल तर त्यावर वर्ष आणि 'मंडळीच्या अर्पणातून' एवढंच कोरा. पुराच्या वाटपाचे व्हिडिओ काढून टाका, आणि इथून पुढं मदत घेणाऱ्याचा फोटो घ्यायचा नाही असा ठराव करा. प्रवचन आणि गाणी जरूर दाखवा, अंथरुणाला खिळलेले आणि कोपीवर असलेले लोक ती पाहतात. प्रार्थना सुरू झाली की कॅमेरा बंद. 'प्रार्थनावीर' सत्कार रद्द करा. ती शाल त्या दहावीतल्या मुलीच्या आईला द्या, कोणालाही न कळवता. चर्च दुपारी बारा ते चार उघडं ठेवा. पडद्याला लोखंडी कपाट करा, किल्ली महिला मंडळ पाळीनं सांभाळेल, मी आमच्या अध्यक्षांशी बोलले आहे. आणि महिन्याचा जमाखर्च सूचनाफलकावर लावा. जमा एका आकड्यात, खर्च कलमवार, बिलांसह.

हे पत्र समितीकडं दिलं आहे, त्या प्रतीवर माझी सही आहे. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि त्याआधी लेखी उत्तर मिळावं, अशी विनंती आहे. तोपर्यंत मोजणीला मी दर रविवारी येईन. पाकिटांवरच्या रकमा वहीत चढवीन, ज्यांनी पावती मागितली त्यांच्या पावत्या करीन. फ्लेक्ससाठी नावांची वेगळी यादी करून देणं मात्र मी या रविवारपासून थांबवते आहे. ती दुसऱ्या कोणाकडून करून घेणार असाल तर तसा ठराव करून मला कळवावं.

प्रभूमध्ये आपली,
अर्पण मोजणारी एक सभासद
जिल्हा बीड